ऊन, घाम, पाऊस आणि टोपी

मे महिन्यातली सकाळ होती. गुंजवणे गावातून राजगड चढायला निघताना आम्हाला तासभर उशीर झाला होता. झाडी मागे पडली, सोंड उघडी झाली आणि साडेनऊलाच ऊन चटके देऊ लागलं. माझ्या डोक्यावर नवी कोरी टोपी होती. चौफेर रुंद कड, आतून चकचकीत अस्तर आणि 'पूर्ण वॉटरप्रूफ, सर्व ऋतूंसाठी' अशी चिठ्ठी लावलेली. अर्ध्या तासात टोपीच्या आतून घामाच्या धारा निघून भुवयांवरून डोळ्यांत उतरू लागल्या. चोरदरवाज्याच्या खाली पोचेपर्यंत डोकं ठणकत होतं. वाटेत ताक विकायला बसलेल्या मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताकाचा पेला पुढे करण्याआधी म्हणाल्या, "ताई, टोपी काढा आधी. डोक्याला वारं लागू दे."

टोपी काढली. आतली बाजू ओलीचिंब होती, बाहेरची कोरडी ठणठणीत. मावशींच्या डोक्यावर सुती लुगड्याचा पदर होता, सैलसर ओढलेला. त्या पहाटेपासून त्याच उन्हात बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर घामाचे जेमतेम चार थेंब होते.

त्यानंतर मी टोप्यांकडे नीट पाहायला लागले. टोपी नेमकं काय करते, कुठे चुकते, चिठ्ठीवरच्या आकड्यांना काय अर्थ असतो, हे एकेक करून समजून घेतलं. ते सगळं इथे क्रमानं मांडते आहे. एकदा हे कळलं, की दुकानात टोपी हातात घेतल्यावर ती आपल्या कामाची आहे का, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

डोंगरात वापरायच्या टोपीला तीन कामं असतात. डोक्यावर आणि चेहऱ्यावर सावली धरायची, घाम सुकू द्यायचा आणि पाऊस आला तर पाणी अडवायचं. पहिल्या दोन कामांचं आपसांत जमतं. तिसरं काम मात्र दुसऱ्याच्या मुळावर येतं. टोपी निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

माठ आणि बरणी

माठातलं पाणी गार होतं, चिनीमातीच्या बरणीतलं होत नाही. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. बरणीला वरून काचेचा लेप असतो, त्यामुळे पाणी बाहेर येत नाही आणि गारवाही येत नाही. आपलं शरीर माठासारखं वागतं. घाम त्वचेवर येतो, सुकतो आणि जाताना उष्णता नेतो.

हे काम किती मोठं आहे, ते आकड्यांत पाहा. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून काढून नेतो. नळाचं आठ लिटर पाणी उकळीला आणायला साधारण इतकीच उष्णता लागते. उन्हात चढ चढणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम सहज येतो. पण यात एक अट आहे. घाम सुकला पाहिजे. जो घाम नुसता ओघळून खाली पडला, त्यानं शरीरातलं पाणी आणि मीठ नेलं, गारवा काहीच दिला नाही. माझ्या डोळ्यांत उतरलेला घाम असाच वाया गेलेला होता.

घाम सुकायला दोन गोष्टी लागतात. भोवतालची हवा कोरडी हवी आणि ती हलती हवी. नागपुरात कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो, त्यामागे हेच कारण आहे. टोपीलाही हा नियम लागू पडतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हात टोपी किंवा पंचा भिजवून डोक्यावर घेतला, तर खरोखर गार वाटतं. हवा त्वचेपेक्षा गरम, म्हणजे ४०–४५ अंशांवर असते, तेव्हा नुसत्या वाऱ्यानं कोरडं अंग निवत नाही, उलट तापतं. तिथे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. कोकणातल्या दमट दुपारी भिजवलेली टोपी लवकर सुकत नाही, म्हणून तिथे टोपीतून हवा खेळती राहणं अधिक महत्त्वाचं ठरतं.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. मोठ्या माणसाच्या अंगाच्या एकूण पृष्ठभागात डोकं आणि मान मिळून सुमारे ९ टक्के भरतात आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. म्हणजे चांगली टोपी घातली की पाणी कमी प्यालं तरी चालेल किंवा भर दुपारी चढायला हरकत नाही, असा अर्थ होत नाही. डोकं मात्र सतत उन्हात असतं. स्वच्छ आकाशाखाली भर दुपारी चौरस मीटरला सुमारे १,००० वॉट इतकं ऊन पडतं. डोक्याचा वरचा भाग साधारण पाव हजार चौरस सेंटिमीटर धरला, तर त्यावर २५ वॉटचा मारा सारखा चालू असतो. तो मारा थांबवणं हे टोपीचं पहिलं काम.

सावली किती खाली पोचते

कडेची सावली चेहऱ्यावर कुठपर्यंत येईल, हे कडेच्या रुंदीवर आणि सूर्याच्या उंचीवर ठरतं. साडेसात सेंटिमीटरची कड घेऊ. सूर्य क्षितिजापासून ६० अंश वर असेल, तर सावली कडेच्या पातळीपासून १३ सेंटिमीटर खाली येते, म्हणजे नाक आणि गाल झाकले जातात. सूर्य ४५ अंशांवर आला की सावली साडेसात सेंटिमीटरच उरते आणि नाकाचा शेंडा उघडा पडतो. ३० अंशांवर ती सव्वाचार सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम डोळ्यांपर्यंत.

आता हे आपल्या ऋतूंना लावून पाहा. मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी अरुंद कडही चेहरा झाकते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र पुण्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. ऊन समोरून नाहीतर पाठीमागून येतं, हवा थंड असल्यानं ते जाणवत नाही आणि संध्याकाळी घरी आल्यावर नाक आणि मान भाजल्याचं कळतं. म्हणून हिवाळी ट्रेकला कड जास्त रुंद लागते. लोक नेमकं उलट करतात. उन्हाळ्यासाठी मोठी टोपी काढतात आणि हिवाळ्यात साधी कॅप घालून निघतात.

कॅपला फक्त समोर पट्टी असते. ती कपाळ आणि डोळे झाकते, कान आणि मान उघडी टाकते. चढताना आपण खाली वाकून पावलं बघत असतो, तेव्हा नेमकी मान सूर्यासमोर येते. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथे १९८१ पासून सदरा, सनस्क्रीन आणि टोपी या तीन गोष्टींचा प्रचार चालू आहे. तिथली कर्करोग संस्था मोठ्या माणसांसाठी किमान साडेसात सेंटिमीटरची चौफेर कड सुचवते आणि कॅप पुरेशी नाही, असं स्पष्ट सांगते. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे तिथला धोका जसाच्या तसा इथे नाही. पण भाजणं, डोळ्यांवर येणारा ताण आणि उन्हानं येणारी ग्लानी यांतून आपली सुटका होत नाही.

कड दहा सेंटिमीटरच्या पुढे गेली, की वारा ती शिडासारखी धरतो आणि मागची बाजू पाठीवरच्या सॅकला अडकते. मान वर केली, की टोपी डोळ्यांवर येते. म्हणून सात-आठ सेंटिमीटरची कड डोंगरासाठी सोयीची. मानेसाठी मागे कापडी पडदा जोडता येत असेल तर उत्तम. नसेल तर सुती पंचा टोपीखालून मागे सोडला तरी काम भागतं.

कडेची खालची बाजू गडद रंगाची असावी. पांढऱ्या वाळूवरून, कातळावरून किंवा पाण्यावरून उन्हाची तिरीप वर येते. कडेची खालची बाजू पांढरी असेल, तर तीच तिरीप पुन्हा डोळ्यांत उतरते. गडद बाजू ती शोषून घेते. टोपीचा वरचा रंग मात्र फिका असू द्या, म्हणजे ती कमी तापेल. मधमाश्या पाळणारे लोक पांढरे कपडे घालतात, कारण गडद रंगावर माश्या लवकर चवताळतात. ज्या गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, तिथे हेही ध्यानात ठेवावं.

कापडाची ओळख

टोपीच्या चिठ्ठीवर 'यूपीएफ ५०' असं लिहिलेलं आढळतं. कापडातून किती अतिनील किरणं आत येतात, त्याचं हे माप. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एक भाग, म्हणजे २ टक्के किरणं आत येतात. यूपीएफ १५ असेल, तर जवळजवळ ७ टक्के. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ मध्ये हे मानक ठरवलं आणि पुढे ते जगभर वापरात आलं. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचं हे माप पाच ते सातच्या आसपास असतं आणि तो भिजला की तीनवर घसरतं. ओल्या धाग्यांतून प्रकाश अधिक आरपार जातो, हे पांढरा सदरा भिजल्यावर आपण डोळ्यांनीच पाहतो.

हे माप फक्त कापडाचं आहे, टोपीच्या आकाराचं नाही. यूपीएफ ५० ची कॅप घातली, तरी उघड्या कानांना त्याचा काही उपयोग नाही. हिमालयात जाणाऱ्यांनी मात्र या आकड्याकडे जरूर लक्ष द्यावं. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर हा फरक फारसा जाणवत नाही, पण चार हजार मीटरच्या खिंडीत तो मोठा होतो. त्यातून ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो. तिथे टोपीच्या जोडीला गडद चष्मा आणि गालांवर सनस्क्रीन लागतंच.

आता धागा. सुती कापड अंगाला मऊ लागतं, घाम चटकन पितं, पण पाणी धरून ठेवतं. कोरड्या उन्हाळ्यात हा गुणच आहे, कारण ओलं कापड हळूहळू सुकत डोकं गार ठेवतं. पावसाळ्यात हाच दोष होतो. सुती टोपी भिजली की जड होते, कड लोंबते आणि दिवसभर सुकत नाही. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळपास पितच नाही. पाणी धाग्यांच्या फटींत पसरतं आणि लवकर उडून जातं. नायलॉन या दोहोंच्या मधलं, पण घर्षणाला चिवट. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढणाऱ्याला त्याचा उपयोग जास्त.

लोकरीची गोष्ट निराळी आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. धनगर घोंगडी पांघरून पावसात मेंढरांमागे दिवसभर उभा राहतो, त्यामागे लोकरीचा हा स्वभाव आहे. जानेवारीत भंडारदऱ्याच्या परिसरात किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल, तर रात्रीसाठी लोकरीची कानटोपी सोबत हवी. दिवसाची टोपी रात्री थंडीत फारशी कामाला येत नाही.

हवेची वाट

गरम हवा वर चढते. टोपीच्या आत तापलेल्या हवेला वर निघायला वाट मिळाली, की खालून, कडेजवळून थंड हवा आत ओढली जाते. चुलीच्या धुराड्यासारखंच हे काम चालतं. म्हणून भोकं कुठे आहेत, हे पाहावं. ती टोपीच्या माथ्याजवळ, दोन्ही बाजूंना वरच्या भागात असावीत. बुटांच्या लेसच्या भोकांना असतात तशा धातूच्या चार बारीक कड्या बसवल्या, की टोपी हवेशीर झाली, असं समजलं जातं. चार कड्यांतून जाणारी हवा अगदी थोडी असते. दोन्ही बाजूंना बोटभर रुंद जाळीची पट्टी असेल, तर फरक लगेच कळतो. जाळी टोपीच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर मात्र नको, कारण तिथून ऊन थेट आत येतं. केस विरळ असलेल्यांच्या डोक्यावर जाळीच्या नक्षीत चटके बसलेले मी पाहिले आहेत. जाळीवर कापडाची झडप असलेली टोपी त्यांच्यासाठी चांगली.

दुसरी गोष्ट म्हणजे डोकं आणि टोपी यांच्यामधली जागा. टोपीचा माथा टाळूला चिकटला, तर हवा फिरणार कुठून? इंग्रजी अमदानीत साहेब लोक घालत ती सोला हॅट या बाबतीत विचार करून बनवलेली होती. लग्नातली बाशिंगं ज्या हलक्या भेंडाची करत, तसल्याच शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून ती बनत असे. आतला पट्टा टोपीपासून थोडा सुटा ठेवलेला, वर माथ्यावर हवेसाठी झाकणाचं भोक. आपलं मुंडासं वेगळ्या मार्गानं तिथेच पोचतं. कापडाच्या पीळ घातलेल्या थरांमध्ये हवा अडकते आणि बाहेरचं ऊन टाळूपर्यंत पोचू देत नाही. कोरड्या माळरानावर गुरांमागे फिरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जाड मुंडासं का असतं, त्याचं उत्तर या अडकलेल्या हवेत आहे.

तिसरी गोष्ट, कपाळाला टेकणारी आतली पट्टी. ती घाम पिणारी, मऊ आणि शक्यतो टॉवेलच्या कापडासारखी असावी. रेक्झिन किंवा प्लास्टिकची पट्टी घाम पीत नाही, त्वचेला घासते आणि घाम सरळ डोळ्यांत पाठवते.

पावसाचा प्रश्न

आता अवघड भागाकडे येऊ. पाणी आत येऊ न देणारं, पण घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड असतं का? असतं. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांनी टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यात ताणून पाहिला आणि त्यातून बारीक छिद्रांचा पातळ पडदा तयार झाला. गोअर-टेक्स या नावानं तो पुढे प्रसिद्ध झाला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. थेंब बाहेर राहतो, वाफ निघून जाते.

पण वाफ आपणहून निघत नाही. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर सरकते. ३५ अंशांना पूर्ण दमट झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते. टोपीच्या आतली हवा साधारण अशी धरू. हिमालयात किंवा युरोपात बाहेर १० अंश तापमान आणि अर्धवट कोरडी हवा असेल, तर तिथे वाफ ५ ग्रॅमच्या आसपास असते. आत ४०, बाहेर ५. वाफेला बाहेर पडायला जोर मिळतो. आषाढात ताम्हिणीत किंवा आंबोलीत हवा २४ अंशांची, ढगात बुडालेली असते. तिच्यात आधीच २२ ग्रॅम वाफ असते. म्हणजे जोर निम्म्यावर आला. त्यातून वरचं कापड पाणी पिऊन ओलं झालं, की छिद्रांसमोर पाण्याचा थर बसतो आणि उरलासुरला जोरही संपतो. थंड देशात चांगली ठरलेली टोपी सह्याद्रीच्या पावसात आतून ओली का होते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

चिठ्ठीवरचे आकडेही तपासून पाहू. 'वॉटरप्रूफ १०,०००' म्हणजे कापडावर १०,००० मिलिमीटर, अर्थात दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब आला तरी पाणी आत झिरपत नाही. सॅकच्या पट्ट्याखाली दबणाऱ्या जॅकेटला असा आकडा लागतो. टोपीवर कसलाही दाब येत नाही, म्हणून तिला इतक्या मोठ्या आकड्याची गरज नाही. टोपीत पाणी शिरतं ते शिवणीतून, सुईच्या भोकांतून. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं.

दुसरा आकडा वाफेचा. 'ब्रीदेबल १०,०००' म्हणजे प्रयोगशाळेत एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ बाहेर गेली. टोपी डोक्याचा सुमारे ०.०८ चौरस मीटर भाग झाकते. हिशेब केला, तर तासाला ३३ ग्रॅम वाफ बाहेर जाते, तीही प्रयोगशाळेतल्या अनुकूल हवेत. अंगाचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आणि घाम तासाला एक लिटर धरला, तर टोपीखालच्या भागाच्या वाट्याला किमान ४४ ग्रॅम घाम येतो. कपाळाला घाम जास्त येतो, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही अधिक. हिशेब ढोबळ आहे, पण निष्कर्ष पक्का. चढताना हा पडदा एकटा पुरा पडत नाही. त्याला हवेच्या वाटेची जोड लागतेच.

आपल्याकडच्या शेतकऱ्यानं हा प्रश्न इरल्यानं सोडवला होता. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाट बसवलेली झाडाची पानं, डोक्यापासून कमरेपर्यंत उतरणारा होडीसारखा आकार. भात लावताना बाई वाकलेली असते, दोन्ही हात चिखलात असतात. छत्री धरायला हात मोकळा नसतो. इरलं पाठीवर टेकतं, पाणी मागे घरंगळून जातं आणि सांगाड्यामुळे इरलं आणि अंग यांच्यात मोकळी जागा राहते. खालून, बाजूंनी वारा फिरतो. पाणी अडवणारा थर अंगाला चिकटू द्यायचा नाही, हे त्यातलं मर्म. पुढे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला, तरी सांगाडा टिकला.

ट्रेकमध्ये इरलं घालून कडा चढता येणार नाही, पण त्याचं मर्म घेता येतं. पावसाळ्यात डोकं कोरडं ठेवायचा हट्ट सोडावा. आषाढातल्या चढावर डोकं पावसानं नाहीतर घामानं भिजणारच. टोपीनं दोन गोष्टी केल्या तरी पुरे. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही आणि मानेवरून कॉलरच्या आत उतरू द्यायचं नाही. त्यासाठी कड ताठ हवी, भिजली तरी न लोंबणारी. कापड पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टर, वर पाणी घरंगळण्याचा लेप आणि बाजूंना जाळी. मुसळधार पावसात विंडचीटरची टोपडी या टोपीवर ओढली, की टोपडी डोळ्यांवर येत नाही आणि मान वळवली तरी समोरचं दिसतं. सपाट वाटेवर, वारा नसताना, छत्रीइतकं हवेशीर दुसरं काही नाही.

पाणी घरंगळण्याचा लेप कायमचा नसतो. पाण्याचे मोती न होता टोपीवर ओल पसरू लागली, की लेप विरला असं समजावं. टोपी साध्या पाण्यात, थोड्याशा सौम्य साबणानं धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा आणि सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारं द्रव्य मुळीच वापरू नका, त्यामुळे कापड पाणी प्यायला लागतं. काही टोप्यांचा लेप हलक्या उष्णतेनं पुन्हा जागा होतो, तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

माप, वारा आणि दोरी

भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा. बहुतेक मोठ्या माणसांचं माप ५५ ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. टोपी घातल्यावर कपाळाशी एक बोट सहज सरकलं पाहिजे. घट्ट टोपीनं डोकं दुखतं आणि हवाही अडते. मागे माप कमी-जास्त करणारी दोरी असेल तर उत्तम. लांब केस असणाऱ्यांनी वेणी किंवा अंबाडा बांधून टोपी घालून पाहावी. मागे वेणीसाठी फट नसली, तर टोपी पुढे ढकलली जाते आणि दिवसभर त्रास देते.

हनुवटीखालची दोरी डोंगरात हवीच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून येणारा वारा काठावर टाकलेली हलकी वस्तू परत वर फेकतो, हे तिथे गेलेल्यांना माहीत आहे. तिथे उडालेली टोपी पकडायला धावणं जिवावर बेतू शकतं. दोरी जोरानं ओढली गेली तर सुटणारी असावी, म्हणजे फांदीत अडकली तरी गळ्याला फास बसणार नाही. मुलांच्या टोपीत हे आवर्जून पाहा. आणि दोर लावून कडा चढताना हेल्मेटच घाला. त्याखाली जाड टोपी घालू नका, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही.

दुकानात आणि घरी

टोपी हातात घेतल्यावर चार गोष्टी करा. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. उन्हाळी टोपीत वारा हाताला लागला पाहिजे. मग ती उजेडाकडे धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथून ऊनही आत येणार. दाट विणलेल्या पातळ कापडातून फुंकर जाते आणि ठिपके फारसे दिसत नाहीत. तसं कापड निवडा. तिसरं, टोपी घालून डोकं खाली वाकवा, दोन्ही बाजूंना हलवा. चौथं, पाठीवर सॅक अडकवून वर पाहा. कड मागे आपटली, तर ही टोपी तुमच्यासाठी नाही.

घरी आल्यावर टोपी कोरडी असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पाण्यात बुडवून, पिळून पुन्हा तोला. पंख्याखाली तासभर ठेवून तिसऱ्यांदा तोला. किती पाणी धरलं आणि किती लवकर सोडलं, हे या तीन वजनांतून कळतं. मग ती घालून इमारतीचे आठ-दहा मजले पायऱ्यांनी चढा. वर पोचल्यावर टोपी काढावीशी वाटली, तर डोंगरात ती डोक्यावर राहणार नाही. जी टोपी सॅकमध्ये जाऊन बसते, तिचा उपयोग शून्य.

निवाडा

सर्व ऋतूंसाठी एकच टोपी, या दाव्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. महाराष्ट्रात फिरणाऱ्याला दोन टोप्या पुरतात. ऑक्टोबर ते मे या काळासाठी फिक्या रंगाची, सात-आठ सेंटिमीटर चौफेर कडेची, खालून गडद, बाजूंना जाळी असलेली, वॉटरप्रूफ नसलेली. कोरड्या मुलखात ती सुती असली तरी चालेल, कोकणात पॉलिएस्टर किंवा नायलॉन बरं. जून ते सप्टेंबरसाठी पातळ, ताठ कडेची, लवकर सुकणारी दुसरी. हिवाळी मुक्कामाला कानटोपी जोडीला. बजेट एकाच टोपीचं असेल, तर पहिली घ्या आणि पावसासाठी विंडचीटरच्या टोपडीवर भागवा. पावसात डोकं भिजलं तर बहुतेक वेळा गैरसोयच होते, उन्हात डोकं तापलं तर उष्माघाताची भीती. सोबतचा कोणी उन्हात अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला आणि दवाखान्यात पोचवायची तयारी लगेच सुरू करा.

तुमच्या घरात एखादी टोपी असेलच. आज ती हातात घ्या, तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला वारं लागलं नाही आणि बाजूंना जाळीही नसेल, तर ती टोपी उन्हाळ्यात गडावर नेऊ नका.